दयाळ आणि वाघाटी

फजरच्या नमाजनंतर आम्ही थोडा वेळ अंगणात बसतो. मार्च उजाडला की समोरच्या शेवग्यावर दयाळ गाऊ लागतो. काळापांढरा, शेपटी ताठ, वजन जेमतेम चाळीस ग्रॅम. पण आवाज अख्ख्या मोहल्ल्याला ऐकू जातो. ही हद्द माझी, हेच तो सांगत असतो.

अंगणामागे ऊस आहे. तिथे आणखी एक आई राहते, हे आम्हाला तोडणी सुरू होईपर्यंत कळले नव्हते. फडात ठिपक्यांची दोन पिल्ले सापडली आणि ‘बिबट्या, बिबट्या’ असा गलका झाला. ती निघाली वाघाटीची. ही जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. पूर्ण वाढूनही एक-दीड किलोची, घरच्या मांजरीहून लहान. भारत, श्रीलंका आणि नेपाळ एवढ्याच देशांत आढळणारी. रात्री हिंडते, उंदीर मारते, म्हणजे शेतकऱ्याचे कामच करते.

“आपण पाळू या,” मुलांनी हट्ट धरला. तेव्हा आम्ही त्यांना अबू दाऊदमधली हदीस सांगितली. प्रवासात काही सहाबांनी एका पाखराची दोन पिल्ले उचलली. पाखरू येऊन पंख फडफडवू लागले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते पाहिले, तिला कोणी दुखावले असे विचारले आणि पिल्ले परत द्यायला लावली.

धाकटी म्हणाली, “पण ही मांजर तर आलीच नाही!”

आम्ही क्षणभर गप्प झालो. पाखराला फिर्याद करता येते. वाघाटी माणसांसमोर येत नाही. तिचे दुःख उसातच दडून राहते. पण जे ऐकू येत नाही ते अल्लाहला ठाऊक असतेच. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही मुलांना आठवली.

वनविभागाला १९२६ वर फोन केला. त्यांच्या माणसांनी संध्याकाळी पिल्ले खोक्यात घालून त्याच जागी ठेवली आणि सर्वांना दूर केले. सकाळी खोके रिकामे होते. आई रात्रीतून दोघांना घेऊन गेली होती.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने वाघाटी पाळणे गुन्हा आहे, दयाळ पिंजऱ्यात ठेवणेही. पण घरातल्या मुलांना कायद्याआधी रहम शिकवावी. गाणाऱ्यावर कोणीही माया करतो. न दिसणाऱ्या आईची आठवण ठेवणे, ही खरी परीक्षा.