चूल शाळेत, धान्य शिवारातले

कसारा घाट चढून गेल्यावर इगतपुरी तालुक्यातील मुंढेगाव लागते. आदिवासी आश्रमशाळांतील मुलांसाठी गेल्या दशकात तेथे एक मध्यवर्ती स्वयंपाकगृह उभे राहिले. तसेच दुसरे पालघर जिल्ह्यातील कांबळगाव येथे उभारण्यात आले. आदिवासी विकास विभाग आणि टाटा ट्रस्ट यांच्या सहकार्याने सुरू झालेल्या या उपक्रमास ‘अन्नपूर्णा’ असे सार्थ नाव देण्यात आले. हजारो मुलांचा स्वयंपाक एका छपराखाली यंत्रांच्या साहाय्याने करावयाचा आणि तो मोटारींतून दूरदूरच्या आश्रमशाळांना पोहोचवावयाचा, अशी ही योजना. तिच्यामागील हेतूविषयी आम्हांस शंका नाही. आश्रमशाळांतील काळवंडलेले मुदपाकखाने, अळ्या पडलेले धान्य आणि मुलांच्या ताटात पोहोचण्यापूर्वीच वाटेत आटणारी डाळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना स्वच्छ फरशीच्या आणि झाकलेल्या भांड्यांच्या स्वयंपाकघराचे मोल सांगावे लागत नाही.

परंतु हेतू शुद्ध असला म्हणजे व्यवस्था बिनचूक ठरते असे नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यातील अनेक आश्रमशाळांत कांबळगावच्या स्वयंपाकगृहातून आलेले जेवण घेतल्यानंतर दोनशेंहून अधिक मुलांना विषबाधेचा त्रास झाला व उपचार घ्यावे लागले. एका गावच्या चुलीवर चूक झाली तर एका गावची मुले आजारी पडतात. सर्वांची चूल एकच केली की तीच चूक एका दिवसात साऱ्या तालुक्यात पोहोचते. शिवाय पहाटे शिजलेले अन्न दुपारी घाटवाटेच्या टोकाशी पोहोचते तेव्हा ते कितीही काळजीने झाकलेले असले तरी ताजे राहत नाही. आम्हांस येथे एका अपघाताचा गवगवा करावयाचा नाही. प्रश्न धोरणाचा आहे. शहापूर-मुरबाडच्या मुलांचे जेवण कोठे शिजावे, ते कोणी शिजवावे आणि त्याचे धान्य कोणाच्या शेतातून यावे, हा तो प्रश्न होय.

मुलांच्या जेवणाचा हक्क कोणाच्या कृपेने मिळालेला नाही. १९९५ साली केंद्राची पोषण आहार योजना सुरू झाली, तेव्हा अनेक राज्यांनी कोरडे धान्य वाटून आपले कर्तव्य संपविले. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर आदेश दिला आणि शिजवलेले अन्न देणे सरकारांवर बंधनकारक झाले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने त्या आदेशाला कायद्याचे अधिष्ठान दिले. तरीही सरकारचा ओढा मुलाच्या हाती अन्नाऐवजी काही तरी दुसरे टेकविण्याकडेच राहिला आहे. आदिवासी वसतिगृहांतील खानावळी बंद करून जेवणाचे पैसे खात्यावर जमा करण्याचे धोरण आले, तेव्हा जुलै २०१८ मध्ये विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. त्यांची मागणी साधी होती: पैसे नकोत, जेवण द्या. ज्या समाजाने १९९२-९३ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वावर-वांगणीची बालके भुकेने मरताना पाहिली, त्याच्या मुलांना या मागणीचा अर्थ शिकवावा लागत नाही.

आता कसाऱ्याच्या परिसराकडे पाहावे. येथील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली कुटुंबे वरकस जमिनीवर नागली आणि वरई काढतात. खाचरात भात होते, बांधावर तूर आणि उडीद. पावसाच्या तोंडावर शेवळी, मागाहून टाकळा, कुर्डू, करटोली अशा रानभाज्या जंगल देते. पहाटेच्या कसारा लोकलमधून या भाज्यांच्या पाट्या कल्याणकडे जातात आणि तेथील रस्त्याकडेला मिळेल त्या भावाने विकल्या जातात. त्याच सकाळी शाळेच्या कोठीत मात्र पुरवठादाराने आणून टाकलेला तांदूळ, डाळ व मसाला असतो. त्यातला एक दाणाही या शिवारातला असेलच असे सांगता येत नाही. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते दहाच्या आसपास भरते. २०२३ हे भरडधान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, नागलीला ‘श्रीअन्न’ ही पदवी बहाल झाली, दिल्लीच्या मेजवान्यांत तिची पक्वान्ने झाली. पदवी मिळाली, पण ती पिकविणाऱ्याच्या मुलाच्या ताटात ती रोजची झाली नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: शाळेचे स्वयंपाकघर शाळेतच असावे आणि ते भोवतालच्या शिवाराचे पहिले गिऱ्हाईक व्हावे. ही भावनेची गोष्ट नाही. तिचा हिशेब मांडता येतो. साठ पटाची एक प्राथमिक शाळा घेऊ. शासनाच्या प्रमाणानुसार मुलागणिक रोज शंभर ग्रॅम धान्य, वीस ग्रॅम डाळ व पन्नास ग्रॅम भाजी लागते. वर्षाचे दोनशे दिवस धरले तर डाळ २४० किलो आणि भाजी ६०० किलो होते. त्यातील चाळीस दिवस तांदळाऐवजी नागली दिली तर नागलीही २४० किलोच लागते. २०२५-२६ च्या हंगामासाठी नागलीची आधारभूत किंमत क्विंटलला ४,८८६ रुपये होती. म्हणजे या चाळीस दिवसांच्या नागलीचे पावणेबारा हजार रुपये होतात. एका शाळेपुरती ही रक्कम लहान आहे. परंतु ती पाड्यावरील चार-पाच घरांत रोखीने गेली, तर दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन वीटभट्टीकडे निघणाऱ्या कुटुंबाच्या हाती भट्टीमालकाच्या उचलीपूर्वी दोन पैसे आलेले असतील. आणि आई-बाप गावात राहिले तरच मूल शाळेत राहते, हे येथील प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

खरेदीची यंत्रणा नाही, असा बहाणा करण्यास शासनाला जागा नाही. आदिवासी विकास महामंडळ १९७२ पासून अस्तित्वात आहे. व्यापाऱ्याच्या मापापासून आदिवासीची सुटका करावी याच उद्देशाने एकाधिकार खरेदीची योजना आखली गेली, आणि महामंडळाची केंद्रे शहापूर-मुरबाड भागात आजही भात खरेदी करतात. येथे पिकलेले भात सरकारी केंद्रावर जाते आणि शाळेला सरकारी तांदूळ येतो; या दोहोंच्या मध्ये मात्र गोदामे, गिरण्या, वाहतूकदार आणि ठेकेदार यांची लांबलचक साखळी उभी असते. ती तोडून भात, नागली, तूर यांचा गावातल्या गावात हिशेब लावणे अवघड का असावे? ब्राझीलने २००९ साली कायदा करून शालेय आहारासाठी केंद्राकडून मिळणाऱ्या रकमेपैकी किमान ३० टक्के रक्कम लहान शेतकरी कुटुंबांकडील मालावर खर्च करण्याचे बंधन घातले. ओडिशाने २०१७ पासून आदिवासी जिल्ह्यांत नागलीची आधारभूत भावाने खरेदी उभी केली आणि तिचे लाडू अंगणवाडीपर्यंत नेले. रोजगार हमीचा कायदा साऱ्या देशाच्या आधी करणाऱ्या महाराष्ट्राने या बाबतीत मागे राहावे, हे शोभणारे नाही.

या चुलीपुढे जी स्त्री उभी आहे, तिच्याविषयी बोलल्याशिवाय हा विचार पुरा होत नाही. मुले तिला मावशी म्हणतात, कागदोपत्री ती ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’ असते, आणि तिला जे मिळते त्याला वेतन म्हणण्याचेही शासन टाळते. ते ‘मानधन’ असते. २०२३ मध्ये ते महिन्याला २,५०० रुपये झाले, तेही वर्षातून दहाच महिने. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दिवसाला शंभर रुपये पडतात. २०२५-२६ साली रोजगार हमीच्या कामावर याच राज्यात दिवसाची मजुरी ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे खडी फोडणाऱ्या हातांना जे मिळावे असे शासनास वाटते, त्याच्या एक तृतीयांशही साठ मुलांना जेवू घालणाऱ्या हातांना मिळत नाही. योजनांतील अशा कामगारांना कामगार म्हणून मान्यता व किमान वेतन द्यावे, अशी शिफारस भारतीय श्रम परिषदेने २०१३ सालीच केली होती. ती अद्याप धूळ खात पडली आहे. ताज्या व सकस अन्नाच्या गोष्टी बोलणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की साठ मुलांना नागलीची भाकरी द्यावयाची तर दोन बायकांनी सव्वाशे भाकऱ्या थापावयाच्या असतात. खिचडीचे पातेले चढविण्यापेक्षा हे श्रम कितीतरी अधिक आहेत. ते फुकट मागणे म्हणजे मुलाच्या आरोग्याची किंमत त्याच्या आईच्या पाठीवरून वसूल करणे होय.

दुसरी अडचण पाण्याची. तानसा आणि भातसा यांचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते आणि त्याच तालुक्यातील पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. भाजी धुवावयास, भांडी घासावयास आणि मुलांना हात धुवावयास पाणी नसेल तर स्वच्छ स्वयंपाकघराचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही उरत नाही. नळ शाळेच्या चुलीपर्यंत आला पाहिजे, ही या योजनेची पहिली अट आहे. मुंबईची तहान भागविणाऱ्या तालुक्याने एवढे मागणे म्हणजे भीक नव्हे.

मध्यवर्ती स्वयंपाकगृहाचे समर्थक तीन आक्षेप घेतील. शाळेत स्वयंपाक केला की शिक्षक धान्य मोजण्यातच गुंततो, हा पहिला. तो खरा आहे. म्हणूनच कोठीचा हिशेब शिक्षकाच्या माथी न मारता शाळा व्यवस्थापन समितीने नेमलेल्या गावातील बचत गटाकडे द्यावा आणि शिक्षकाला शिकवू द्यावे. गावात सोपविले की गावचे पुढारी खातील, हा दुसरा. त्यातही तथ्य आहे. परंतु गावातली चोरी गावाला दिसते, तिचा जाब ग्रामसभेत विचारता येतो. दूरच्या ठेक्यात काय मुरले याचा जाब कातकरी बाईने कोणत्या कार्यालयात जाऊन विचारावा? शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला अधिकार दिले आहेत आणि २०१५ पासून राज्य आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट ग्रामपंचायतींना देते. दर महिन्याला धान्याचे वजन ग्रामसभेसमोर व्हावे आणि भिंतीवर खडूने लिहिले जावे. खर्च परवडत नाही, हा तिसरा आक्षेप. मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे डाळ, भाजी, तेल, मसाला व इंधन यांसाठी दिवसाला ६ रुपये ७८ पैसे धरले गेले. साठ मुलांचे चारशेसात रुपयेही होत नाहीत. परवडत नसेल तर हा आकडा परवडत नाही, मूल नव्हे. आठवड्यातून एका अंड्याची नोव्हेंबर २०२३ मध्ये केलेली घोषणा निभावणेही शासनाला जड गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठी लोकांकडून वर्गणी जमवा असे शाळांना सांगण्यात आले. ज्या पाड्यावर पालकाच्या घरी रात्रीची चूल पेटेल की नाही याची खात्री नसते, तेथे लोकवर्गणीचा सल्ला देणे ही क्रूर थट्टा आहे.

शाळेच्या परसबागेचाही पुष्कळ गौरव होतो. तिला आमचा पाठिंबा आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी मांडलेली नई तालीम हातांच्या कामातूनच शिक्षण सुरू करते, आणि आजीकडून शेवळी कशी ओळखावी हे शिकून आलेले मूल त्या बागेत शिक्षकालाही चार गोष्टी शिकवू शकेल. परंतु परसबाग हा धडा आहे, पुरवठा नव्हे. चार वाफ्यांतील मेथीने साठ पोटे भरत नाहीत, आणि ती भरावीत म्हणून मुलांना राबविणे कोणालाही मान्य होऊ नये.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील शाळा व आश्रमशाळांत स्वयंपाक जागेवरच व्हावा आणि त्यासाठी पाणी, गॅस व उंदरांपासून सुरक्षित कोठी मिळावी. नागली, तूर, उडीद व भाजी यांची खरेदी प्रथम गावातून, निदान आधारभूत भावाने आणि आठ दिवसांत पैसे देऊन व्हावी. चुलीवरच्या स्त्रियांना बाराही महिने किमान वेतन मिळावे. आणि ज्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहांवर पैसा खर्च झाला आहे, त्यांचा उपयोग धान्य दळणे, साफ करणे, तपासणे व या स्त्रियांना प्रशिक्षण देणे यांसाठी करावा. उभारलेले मोडून टाका असे आम्ही म्हणत नाही.

डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली, तेव्हा गाव हा त्या इमारतीचा एक खांब मानला होता. सत्तेचे विकेंद्रीकरण ही परिसंवादात चर्चिण्याचीच बाब राहिली तर ती कोरडीच राहील. आपल्या मुलाला दुपारी काय जेवावयास मिळणार, हे ठरविण्याचा अधिकार ज्या गावाला नाही, त्याला इतर कोणते अधिकार दिल्याचा डांगोरा कशाला पिटावा? कसाऱ्याच्या आसपासच्या पाड्यांवरील आमच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडावा, शाळेची कोठी उघडून पाहावी, मावशींना त्यांच्या मानधनाविषयी विचारावे आणि ठराव करून प्रकल्प कार्यालयाकडे धाडावा. उत्तर आले नाही तर ठराव घेऊन स्वतः जावे, आणि जाताना बरोबर नागलीची पाटी न्यावी.