आधी कोरडा मॉप, मग पाणी

इस्रायलमध्ये लादी साफ करणे म्हणजे स्पोंजा. बादलीभर पाणी ओतायचे, मगवने ओढायचे आणि बाहेर काढायचे. आपल्याही घरांत हीच रीत रुळली आहे. माझे मत विचाराल तर रोज कोरडा मॉप फिरवावा आणि स्पोंजा आठवड्यातून एकदा, शब्बाथच्या आधी करावा.

याचे कारण इथली धूळ. बेर-शेवाच्या आसपासची माती पिठासारखी बारीक असते. शराव सुटला की ती बंद खिडकीच्या फटीतूनही आत शिरते. झाडूने झाडली तर उडते आणि पुन्हा कपाटावर बसते. तिच्यावर थेट पाणी ओतले तर चिखल होतो आणि लाद्यांच्या सांध्यांत अडकतो. शिवाय ओली लादी निसरडी असते. उतारवयात एकदा पाय घसरला, तर कंबरेचे हाड मोडून माणूस अंथरुणाला खिळू शकतो. ज्या घरात आजी-आजोबा आहेत त्यांनी एवढ्यासाठी तरी रोजचे पाणी थांबवावे.

मॉप घेताना तीन गोष्टी पाहा. दांडा आपल्या हनुवटीपर्यंत यावा, म्हणजे वाकावे लागत नाही. पट्टी चपटी आणि फिरणारी असावी. घरासाठी ४५ सेंटीमीटर पुरे. कापड काढून धुता यावे. मायक्रोफायबरचे बारीक तंतू धूळ धरून ठेवतात, पण धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य घालू नका. त्याचा थर बसला की धूळ चिकटत नाही.

वापर सोपा आहे. खोलीच्या आतल्या टोकापासून दाराकडे या. पट्टी लादीवरून उचलू नका, नाहीतर गोळा केलेला केर मागेच राहतो. शेवटी तो सुपलीत भरा. कापड पिशवीत झटका. बाल्कनीतून झटकले तर खालच्या शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते!

काही वडीलधारी म्हणतील, पाण्याशिवाय घर स्वच्छ वाटत नाही. त्यांनी कोकणातली शेणाने सारवलेली जमीन आठवावी. तिच्यावर कोणी बादल्या ओतत नसे. रोज केरसुणी फिरे, आणि सारवण अधूनमधून, सणाच्या आधी तर हमखास. रोज कोरडे आणि ठरलेल्या दिवशी ओले, ही आपल्याच आज्यांची शिस्त आहे.

आता मुलांना एक सांगणे. मॉप हलका असतो, दहा मिनिटांत घर होते. हे काम फक्त आईचे किंवा बहिणीचे समजू नका. मुलग्यांनीही दांडा हातात घ्यावा. आणि घेताना घरात मराठीतून सांगावे, “आजी, आज केर मी काढतो.” केर, केरसुणी, सुपली हे शब्द वहीत लिहून टिकत नाहीत. ज्या घरात ते काम करताना बोलले जातात, तिथेच ते टिकतात.