पाठीवरची हवा कुणाची?

झोतभट्टीतून लोखंडाबरोबर वायूही निघतो. त्यात पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीनं चिकटतो. हा वायू पाण्यानं धुऊन कारखान्यातच इंधन म्हणून वापरतात. भिलाईत १२ जून २०१४ रोजी पंप हाऊसमध्ये बिघाड झाला, पाण्याचा दाब घटला आणि वायू बाहेर पसरला. सहाजण मृत्युमुखी पडले. त्यांत दोघे उपमहाव्यवस्थापक होते. हा वायू हुद्दा विचारत नाही. आपल्या विदर्भातून भिलाईत नोकरीला गेलेली घरं काही कमी नाहीत.

अशा जागी शिरायचं तर पाठीवर हवेचं सिलिंडर हवं. पण ती हवा आपल्यापुरती, की सोबत्याचीही?

पाण्यानं भरलेल्या गुहांत उतरणाऱ्या पाणबुड्यांत हा वाद जुना आहे. काहीजण म्हणतात, ऐनवेळी सोबती हाताशी असेलच कशावरून? आपली दोन सिलिंडरं आपण न्यावीत. दुसरे म्हणतात, एकटा माणूस घाबरला की संपला. शेक एक्सली या अमेरिकन पाणबुड्यानं पुरस्कारलेला हिशेब मला पटतो. एक तृतीयांश हवा जाताना, एक तृतीयांश येताना, उरलेली राखीव. गुहेच्या टोकाला सोबत्याची हवा संपली, तर त्याच्या परतीला लागेल तेवढीच ही राखीव हवा. म्हणजे माझ्या पाठीवरचा तिसरा हिस्सा खरं तर त्याचाच! आणि ज्यानं स्वतःची हवा नीट मोजली नाही, तो दुसऱ्याला देणार काय?

कारखान्यात मात्र ही वाटणी अवघड. पाणबुड्या तोंडातली नळी क्षणभर काढू शकतो. विषारी वायूत मुखवटा काढणं म्हणजे मरण ओढवून घेणं. काही संचांना दुसरा मुखवटा जोडता येतो, सगळ्यांना नाही. म्हणून आत दोघांनी जायचं, बाहेर तिसऱ्यानं घड्याळ आणि दाबाची नोंद घेऊन उभं राहायचं, आणि एकाच्या सिलिंडरची शिट्टी वाजली की दोघांनीही निघायचं. अर्ध्या तासाची हवा धावपळीत अर्धा तास पुरत नाही, हेही बाहेरच्याला ठाऊक हवं.

हा प्रश्न कारखान्याच्या फाटकाशी थांबत नाही. विहिरीत किंवा संडासाच्या टाकीत एकजण कोसळतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग शेजारी. अशा बातम्या आपण किती वाचल्या! तिथे तर कुणाच्याच पाठीवर हवा नसते. नाकाला ओला रुमाल बांधून हे वायू अडत नाहीत. कंदील सोडून पाहण्याची जुनी रीतही फसवी: तो तेवत राहिला म्हणजे विषारी वायू नाही असं नव्हे, आणि खाली मिथेन साठला असेल तर भडकाच उडायचा. तेव्हा घरातल्या माणसाचा हात धरून ठेवा, रडला-ओरडला तरी सोडू नका, आणि १०१ किंवा ११२ वर फोन करा. अग्निशमन दलाचे जवान येतील ते आपापली हवा घेऊन.