माळव्यातली थंडी आणि ई-स्कूटरचे टायर

मागच्या महिन्यात बॅटरीवर लिहिलं, त्यानंतर देवास आणि धारच्या तीन-चार मुलामुलींनी एकच प्रश्न विचारला: "काका, थंडीसाठी वेगळे टायर घ्यायचे का?" कुणाचा मावसभाऊ जर्मनीत आहे, कुणाची बहीण कॅनडात. तिकडे नोव्हेंबर आला की गाडीचे टायर बदलतात, मग आपणही बदलावेत असं वाटणं साहजिक आहे. विचारणाऱ्यांतली एक मुलगी ई-स्कूटरवर रोज देवासहून इंदूरला जाते. एका बाजूचं अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटर, निघायची वेळ सकाळी साडेसहा, आणि रस्ता ट्रकांचा. तेव्हा हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही.

माझं उत्तर: तिकडचे हिवाळी टायर आपल्याला नकोत. पण आहेत तेच टायर डोळे मिटून वापरावेत, असंही मी म्हणणार नाही.

आधी तिकडचं बघू. साधा टायर साधारण ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागतो आणि त्याची पकड कमी होते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात, आणि बाजूवर तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण असं चिन्ह असतं. ही विद्या मूळची फिनलंडची. तिथल्या कारखान्याने १९३४ साली ट्रकसाठी पहिला हिवाळी टायर काढला आणि १९३६ साली मोटारींसाठी. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर कायद्याने सक्तीचे आहेत. बर्फावर सायकल चालवणारे खिळे बसवलेले टायर लावतात. कोरड्या डांबरावर ते खडखडतात आणि उलट घसरतात.

आता आपल्याकडे या. पौष-माघात देवासला पहाटे पारा ६-७ अंशांवर येतो, लाट आली तर आणखी खाली. पण दुपारी बारा वाजता टेकरीवर माताजीच्या दर्शनाला चढून बघा, स्वेटर हातात येतो. माळव्यातली थंडी दिवसातून तीन-चार तासांची. मऊ रबराचा टायर दुपारच्या २५-२६ अंशांत आणि पुढे चैत्राच्या उन्हात भराभर घासून जाईल. पैसे जातील ते वेगळेच.

मग त्या तीन-चार तासांत धोका कशाचा? दंवाचा आणि चिखलाचा. याच दिवसांत गव्हाला पाणी सोडलेलं असतं. शेतातून निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली चाकाला लागलेली काळी माती डांबरावर टाकत जाते. दिवसा ती वाळून धूळ होते, पण पहाटे दंव पडलं की तीच माती तुपासारखी होते. त्यात धुकं. मधूनच मावठा पडला तर विचारूच नका. इथे उपयोगी पडते ती ओल्या रस्त्यावरची पकड, आणि टायर निवडताना तेवढंच बघायचं.

ई-स्कूटरची आणखी एक गंमत आहे. मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते, त्यामुळे ओल्या सिग्नलवर मूठ पिळली की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. मूठ सोडली की मोटर तेच चाक मागे ओढून धरते, म्हणजे ब्रेक न दाबताही मागच्या चाकाला ब्रेक लागतो. ओल्या मातीवर हे घडलं तर शेपटी सरकते. म्हणून पहाटे गाडी इको मोडमध्ये ठेवा, आणि चार्जिंग वाचवणारा तो ब्रेक कमी करता येत असेल तर करा. यात टायरइतकीच सुरक्षा आहे आणि खर्च शून्य.

हवेचंही तसंच. दुपारी ३० अंशांत ३० पीएसआय हवा भरली, तर पहाटे ६ अंशांत तीच २६-२७ वर येते. कुठेही गळती नसते, हवा फक्त आकसते. तेव्हा हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, थंड टायरमध्ये तपासा. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचाच असतो. "कमी हवेत पकड चांगली" हा सल्ला मी पंक्चरच्या दुकानात अनेकदा ऐकला आहे. डांबरी रस्त्यावर आणि बारा इंची चाकावर तो मानू नका.

हे सगळं करूनही टायर बदलायचाच असेल, तर बाजूवरचे आकडे वाचायला शिका. पुष्कळ ई-स्कूटरवर ९०/९०-१२ असं लिहिलेलं असतं: रुंदी ९० मिलिमीटर, उंची त्याच्या ९० टक्के, रिम १२ इंच. पुढे ५४जे असेल तर तो टायर २१२ किलो वजन आणि ताशी १०० किलोमीटर वेग सोसतो. कंपनीने सांगितलं आहे त्यापेक्षा कमी आकडा घेऊ नका, बॅटरीमुळे गाडी मुळातच जड असते. डीओटीच्या ओळीतले शेवटचे चार अंक म्हणजे जन्मतारीख. ४५२३ असेल तर २०२३ सालचा पंचेचाळिसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर दिसायला नवा असतो, पण त्याचं रबर कडक झालेलं असतं, आणि थंडीत ते आणखी कडक होतं.

नक्षी बघताना पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल, तिरक्या खाचा हव्यात. मध्यभागी जवळजवळ सपाट असलेले टायर रेंज वाढवतात म्हणून विकले जातात. चार-पाच किलोमीटर रेंज गेली तरी चालेल, मी खाचांचाच घेईन.

धारच्या मुलांना तर हे सगळं जवळून बघता येण्यासारखं आहे. ब्रिजस्टोनचा कारखाना तुमच्याच जिल्ह्यात, खेड्याला. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ साली सुरू झाला, आणि तिथे ब्रेकच्या चाचणीसाठी वेगळा ट्रॅकही आहे. इंजिनिअरिंगला असाल तर कॉलेजमार्फत भेटीचा प्रयत्न जरूर करा.

शेवटचं, दुकानदारासमोर उभं राहून करायचं काम. मागचा टायर लवकर घासतो म्हणून लोक तेवढाच बदलतात आणि पुढचा टक्कल पडेपर्यंत चालवतात. वळताना आणि जोरात ब्रेक मारताना सगळी भिस्त पुढच्यावर असते, त्यामुळे तोही तपासून घ्या. टायरच्या बाजूवर बाण असतो. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं, त्याच दिशेला तो हवा. उलटा बसवला तर खाचा पाणी नीट बाहेर फेकत नाहीत. आणि नवा टायर पहिले शंभरेक किलोमीटर गुळगुळीत असतो, म्हणून तो शनिवारी बसवा, रविवारी दुपारी कोरड्या रस्त्यावर फिरवून आणा, आणि मगच सोमवारी पहाटे इंदूरचा रस्ता धरा.