यंत्राची किंमत म्हणजे विद्येची किंमत नव्हे

गेल्या उन्हाळ्यात एके सकाळी, न्यायालय भरण्यापूर्वी, एक दाम्पत्य माझ्या कार्यालयात आले. गृहस्थ नगरपालिकेच्या पाणीखात्यात नोकरीस. बाई आपल्या वस्तीतील बचत गटाच्या सचिव. बारावी उत्तीर्ण झालेल्या त्यांच्या मुलास प्रोग्रॅमिंग शिकावयाचे होते. बाईंनी पिशवीतून दोन कागद काढून माझ्यापुढे ठेवले. एक होता एका क्लासचा प्रवेशकरार. दुसरा, त्याच क्लासची फी भरण्यासाठी एका वित्तसंस्थेकडून घ्यावयाच्या कर्जाचा. शिवाय क्लासच्या प्रतिनिधीने तोंडी बजावले होते की, अमुक बनावटीचा नवा कोरा लॅपटॉप घेतल्यावाचून ही विद्या मुलास येणे नाही. सारे मिळून त्या घराच्या दहा महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम होत होती. बाईंनी विचारले, "वकीलसाहेब, सही करावी का?"

मी त्यांना जे उत्तर दिले तेच आज आपणांपुढे सविस्तर मांडतो. कारण हा प्रश्न एका घराचा नाही. आपल्या बहुसंख्य घरांत संगणकापुढे बसणारी ही पहिलीच पिढी आहे, आणि पहिल्या पिढीस फसविणे सर्वांत सोपे असते; घरात विचारावयास कोणी नसते. माझे उत्तर असे होते : सही करू नका, परंतु मुलास शिकविल्यावाचून राहूही नका.

दुसऱ्या वाक्याविषयी प्रथम बोलतो. शिष्यवृत्तीचा अर्ज, शिधापत्रिकेची नोंद, नोकरीसाठी आलेल्या अर्जांची चाळणी, ही कामे आज संगणकाकडून होतात. अर्ज नाकारला गेला तर "सिस्टीम घेत नाही" एवढेच उत्तर खिडकीवर मिळते. ही सिस्टीम म्हणजे काय दैवी लिखित आहे? कोणा माणसाने ओळीओळीने लिहिलेले ते नियम आहेत. ज्यास कायदा वाचता येत नाही त्या अशिलाची न्यायालयात जी अवस्था होते, तीच ज्यास हे नियम वाचता येत नाहीत त्या नागरिकाची त्या खिडकीवर होते. म्हणून आपल्या मुलामुलींनी ही विद्या नोकरीसाठी तर शिकावीच, पण नोकरी न मिळाली तरीही शिकावी.

आता पहिल्या वाक्याकडे वळतो. त्या प्रतिनिधीच्या म्हणण्यात दोन असत्ये होती. महागड्या यंत्रावाचून प्रोग्रॅमिंग येत नाही, हे पहिले. महागड्या क्लासवाचून व त्यांच्या साधनांवाचून येत नाही, हे दुसरे. दोहोंची तपासणी करू.

प्रोग्रॅम म्हणजे अखेर काय? साध्या अक्षरांत लिहिलेली आज्ञांची यादी. ती लिहावयास एक संपादक लागतो आणि ती यंत्राकडून पार पाडून घेण्यास एक अनुवादक. शिकाऊ मुलाची शंभर ओळींची आज्ञावली मोबाइलवरील एका छायाचित्राच्या शतांशाइतकीही जागा घेत नाही. १९६९ साली माणसास चंद्रावर उतरविणाऱ्या यानातील संगणकाची तात्पुरती स्मृती अवघी २,०४८ शब्दांची, म्हणजे सुमारे ४ किलोबाइट होती. आज ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप हिणकस म्हणून विकला जातो. त्याची स्मृती त्या यानाच्या सुमारे वीस लाख पट आहे! त्याच १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी युनिक्स या प्रणालीचा आरंभ केला, तो पीडीपी-७ नावाच्या, तेव्हाही जुन्या ठरलेल्या आणि फारशा कोणी न वापरलेल्या यंत्रावर. आजच्या असंख्य संगणकप्रणालींची वंशावळ त्या टाकाऊ यंत्राशी जाऊन भिडते. मग पहिला 'फॉर' लूप लिहावयास आमच्या मुलांनाच तेवढे नवे कोरे यंत्र का लागावे?

तेव्हा काय घ्यावे, ते स्पष्ट सांगतो. एखाद्या कचेरीतून निवृत्त झालेला लॅपटॉप घ्यावा. ६४-बिटी प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी, एवढे तीन गुण पाहावेत. रॅम ४ जीबी असेल तर ती वाढविता येते की जागीच डाक देऊन बसविलेली आहे, हे विचारून घ्यावे. कळफलकाची प्रत्येक कळ दाबून पाहावी. बॅटरी फुगलेली नाही ना, चार्जर मूळचा आहे ना, चालू करताना कोणा जुन्या मालकाचा पासवर्ड आडवा येत नाही ना, हे दुकानातच तपासावे. आणि वकील म्हणून सांगतो, यंत्राचा अनुक्रमांक लिहिलेले बिल घेतल्यावाचून पैसे देऊ नयेत. चोरीचा माल स्वस्त मिळतो. पण तो पोलिसांनी जप्त केला म्हणजे यंत्रही जाते आणि पैसेही.

अशी यंत्रे सध्या बाजारात पुष्कळ आहेत, त्यास कारण आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीस दिला जाणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला, आणि विंडोज ११ च्या अटी पुष्कळ जुन्या यंत्रांना पुऱ्या करता येत नाहीत. त्यामुळे धडधाकट यंत्रे निरुपयोगी म्हणून विकली जात आहेत. त्यांवर लिनक्स घालावे. ती पुन्हा कामास लागतात.

अपवाद आहेत आणि ते लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. आयफोनसाठी ॲप बनवावयाचे तर त्याचे साधन ॲपलच्याच संगणकावर चालते. अँड्रॉइड स्टुडिओस १६ जीबी रॅम असलेली बरी. पण या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या गरजा आहेत. पहिल्या दिवशी त्यांसाठी कर्ज काढणे म्हणजे मूल रांगू लागताच त्याच्यासाठी मोटारगाडी विकत घेणे होय. ज्यांना जुना लॅपटॉपही परवडत नाही त्यांनी अँड्रॉइड मोबाइलवर टर्मक्स घालून पायथॉनचा आरंभ करावा. जोडीस एखादा साधा कळफलक मिळाल्यास उत्तम. मात्र मोबाइलवर आरंभ करावा, तेथेच मुक्काम करू नये. चार घरांनी मिळून एक यंत्र घ्यावे, विहारात किंवा समाजमंदिरात ठेवावे आणि मुलांनी पाळीपाळीने बसावे.

आता साधनांविषयी. वकिलीच्या धंद्यात मी शेकडो करार वाचले आहेत, आणि बहुतेकांत दुर्बल पक्षाकडून अधिकार काढून घेतलेले पाहिले आहेत. अधिकार देणारा एक करार मात्र मला संगणकाच्या जगात आढळला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ साली त्याचा सार्वजनिक परवाना प्रसिद्ध झाला. त्याचा आशय असा की, हा प्रोग्रॅम वाटेल त्या कामासाठी चालवा, उघडून अभ्यासा, बदला, दुसऱ्यास द्या. अट एकच, की पुढे देताना घेणाऱ्यासही हेच अधिकार द्यावयाचे. मालकीहक्काचा कायदा येथे कुंपण घालण्यासाठी वापरला नसून, कुंपण कोणी घालू नये म्हणून वापरला आहे. जीसीसी हा सी भाषेचा अनुवादक, लिनक्स हा प्रणालीचा गाभा आणि २००५ साली निघालेले गिट याच परवान्याखाली मिळतात. पायथॉनचा परवाना निराळा असला तरी तोही मुक्त आहे. यांतील एकासही दमडी पडत नाही, आणि मोठमोठ्या कंपन्यांतील अभियंतेही हीच साधने वापरतात. गरिबांसाठी काढलेली ही हलकी प्रत नव्हे.

येथे दोन गोष्टींपासून सावध राहावे. फुकट दिसते ते सारे मुक्त नसते. व्हीएस कोड हा लोकप्रिय संपादक घ्या. त्याचा मूळ पाठ मुक्त परवान्याचा आहे, परंतु मायक्रोसॉफ्टकडून जी तयार प्रत आपण उतरवून घेतो तिचा परवाना वेगळा आहे. वापरण्यास हरकत नाही. पण काय वापरतो हे जाणून वापरावे. दुसरे, दुकानदार "क्रॅक" केलेली प्रत घालून देतो, ती घेऊ नये. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-ब अन्वये गुन्हा आहे. सरळ दरवाजा उघडा असता खिडकीतून शिरून चोर का ठरावे?

यावर काही आक्षेप घेतले जातात.

"आमच्या मुलास इंग्रजी येत नाही." पायथॉनमध्ये राखीव शब्द केवळ ३५ आहेत. तेवढे पाठ करणे मराठी शाळेतील मुलास अवघड नाही. इतकेच नव्हे, पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीत राशींना देवनागरी नावे देता येतात; 'मुद्दल', 'व्याज', 'बाकी' असे लिहिलेले यंत्रास चालते. पुढे इंग्रजी शिकावे लागेल, यात शंका नाही. पण ते शिकत शिकत पुढे जाता येते. उंबरठ्यावर अडून राहण्याचे कारण नाही.

"कोणती भाषा धरावी, यावर जाणत्यांतच मतभेद आहेत." आहेत, आणि ते पुढेही राहतील. आरंभ पायथॉनने करावा. सहा महिन्यांनी सी घ्यावी, म्हणजे यंत्र आतून कसे चालते ते कळते. पण दर महिन्यास भाषा बदलणे आणि नवा संपादक सजवीत बसणे हा शिकण्याचा आभास आहे. वकिलाने कपाटात ग्रंथ रचून ठेवल्याने युक्तिवाद येत नाही.

"आता कृत्रिम बुद्धिमत्ताच प्रोग्रॅम लिहिते, मग शिकावे कशास?" माझ्याकडेही कारकून मसुदा तयार करून आणतो. तो न वाचता सही करणाऱ्या वकिलास आपण काय म्हणाल? यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक, हे ज्यास ठरविता येत नाही तो यंत्राचा धनी नव्हे, हमाल होय. प्रथम वर्षभर स्वतःच्या हाताने लिहावे, मग ते साहाय्य खुशाल घ्यावे.

"शिक्षकावाचून विद्या येते काय?" शिक्षकाविरुद्ध मी नाही. चांगला शिक्षक भेटला तर त्याची योग्य फी आनंदाने द्यावी. माझा विरोध हमी विकणाऱ्यांना आहे. आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांनी चालविलेल्या एनपीटीईएलवर प्रोग्रॅमिंगचे पाठ विनाशुल्क पाहता येतात. प्रमाणपत्राची परीक्षा द्यावयाची असेल तरच शुल्क पडते. क्लासवाल्यास विचारा, तुमच्याकडे याहून अधिक काय आहे? उत्तर लेखी मागा.

लेखी यासाठी, की करारावर सही झाल्यावर तोंडी आश्वासन न्यायालयात टिकविणे फार कठीण जाते. अठरा वर्षांखालील मुलाचा करार कायद्याने निरर्थक असतो, हे १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यापासून ठरलेले आहे. म्हणूनच सही पालकांची मागितली जाते, आणि मुलाने क्लास सोडला तरी कर्ज पालकांच्या माथी राहते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढून नोकरीच्या व निवडीच्या खोट्या हमीस मनाई केली आहे. फसवणूक झालीच असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्यक्रमांकावर तक्रार करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढे दाद मागता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही. माझ्या धंद्याचे नुकसान करून हे मी सांगत आहे!

ते दाम्पत्य त्या दिवशी सही न करता परतले. त्यांनी मुलास एका कचेरीतून निघालेला लॅपटॉप बिलासह घेऊन दिला; त्यावर लिनक्स घातले. मुलाने आईच्या बचत गटाचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम लिहावयास घेतला. पहिल्याच आठवड्यात हिशेबाला विचित्र शेपटे फुटू लागली. दहा पैसे आणि वीस पैसे यांची रुपयांत बेरीज केली असता यंत्र ०.३ न दाखविता ०.३०००००००००००००००४ दाखवी. यंत्र बिघडले, असे त्यास वाटले. शोधाअंती कळले की, यंत्र अपूर्णांक दोनच्या पटींत साठविते आणि एकदशांश त्यात नेमका बसत नाही. तेव्हा त्याने सारा हिशेब पूर्ण पैशांत मांडला आणि रुपये शेवटी केले. गटातल्या बायांनी वही शेजारी धरून महिनाभर ताडून पाहिले, आणि मगच तो प्रोग्रॅम स्वीकारला. मला विचाराल तर त्यांनी उत्तम केले. यंत्र म्हणते म्हणून मान्य करावयाचे नाही, पडताळून पाहावयाचे.

त्या मुलास अजून नोकरी नाही. त्यास शिकावयाचे पुष्कळ बाकी आहे आणि तो रोज दीड तास बसतो. पण त्या घराच्या डोक्यावर कर्ज नाही, आणि यंत्र चुकते कोठे व का, हे त्या घरातील एकास कळू लागले आहे.

तेव्हा बंधुभगिनींनो, आपल्यापुढेही असा कागद आला तर त्या रात्री सही करू नका. तो उशाशी ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा, न कळलेल्या ओळीखाली रेघ मारा आणि विचारा. मग जुने यंत्र शोधा, मुलास आणि मुलीसही त्यापुढे बसवा, आणि घरातला एखादा खरा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा.