कथा घरची, तिजोरी परक्याची

ब्रिटिश सिनेमाला पुन्हा बरे दिवस आले, असे १९९७ साली जिकडे तिकडे बोलले जात होते. मार्चमध्ये ‘द इंग्लिश पेशंट’ने ९ ऑस्कर पटकावली. मे महिन्यात हुजूर पक्षाची १८ वर्षांची राजवट संपून टोनी ब्लेअर पंतप्रधान झाले. ऑगस्टअखेरीस ‘द फुल मॉण्टी’ लंडनपासून गावोगावच्या थिएटरांत झळकला आणि उत्साहाला भरते आले. पण त्या वर्षाचा ताळेबंद शांतपणे मांडला, की प्रश्न पडतो : बरे दिवस नेमके कोणाला आले?

‘द फुल मॉण्टी’ची गोष्ट शेफिल्डची. पोलादाचे कारखाने बंद पडले आहेत आणि माणसे बेकारभत्त्याच्या रांगेत उभी आहेत. गिरणगाव पाहिलेल्या मराठी माणसाला ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही. अशातले सहा पुरुष पैशासाठी रंगमंचावर कपडे उतरवायचे ठरवतात. ऐकायला हे वाह्यात वाटते, पण चित्रपट आहे तो अब्रूविषयी. जेराल्ड हा एकेकाळचा फोरमन. नोकरी गेल्याचे त्याने सहा महिने बायकोला सांगितलेले नाही. तिची खरेदी उधारीवर सुरूच राहते आणि अखेर जप्तीची माणसे दाराशी येतात.

मला मात्र सर्वांत मोठा वाटतो तो त्यातला एक लहानसा प्रसंग. क्लबचे भाडे आगाऊ भरायचे असते आणि गॅझच्या खिशात दमडी नसते. त्याचा शाळकरी मुलगा नेथन आपल्या बचतीतले १०० पौंड काढून बापाच्या हाती ठेवतो. तारण नाही, जामीन नाही. बाप परत करीन म्हणतो, एवढाच आधार. कर्जे मंजूर करण्याच्या खुर्चीत मी बरीच वर्षे काढली. तारणाशिवाय पैसा सुटत नाही हे मला पुरते ठाऊक आहे, म्हणूनच तो प्रसंग विसरता येत नाही.

आता या चित्रपटाचा नेथन कोण, ते पाहा. पैसा घातला फॉक्स सर्चलाइट या हॉलिवूडच्या कंपनीने. खर्च सुमारे ३५ लाख डॉलर. जगभरची तिकीटविक्री २५ कोटी डॉलरहून अधिक. थिएटरवाल्यांचा वाटा वजा जाता जे उरले, त्याचा ओघ समुद्रापलीकडे गेला. शेफिल्डची बेकारी, शेफिल्डची बोली, ब्रिटिश नट आणि दिग्दर्शक. नफा मात्र अमेरिकेचा. ‘द इंग्लिश पेशंट’चा दिग्दर्शक अँथनी मिंगेलाही इंग्रजच होता, पण त्याच्यामागचा पैसाही अमेरिकन होता. लंडनच्या गरीब वस्तीतल्या दारूचे आणि मारझोडीचे भेदक चित्र गॅरी ओल्डमनने ‘निल बाय माउथ’मध्ये काढले. कॅथी बर्कला त्यासाठी कान महोत्सवात अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. त्याच्या निर्मात्यांत होता फ्रान्सचा ल्यूक बेसाँ. बीबीसीने छोट्या पडद्यासाठी बनवलेला ‘मिसेस ब्राउन’सुद्धा मोठ्या पडद्यावर नेला तो मिरामॅक्स या अमेरिकन कंपनीने.

यात परक्यांचा दोष काय? काहीच नाही. जो जोखीम घेतो, नफा त्याचा. बँकिंगचा हा पहिला धडा. विचारायचे आहे ते घरच्यांना.

घरचे सरकार स्वस्थ बसले होते असेही नाही. मे १९९७ मध्येच लॉटरीच्या पैशातून सुमारे ९ कोटी २० लाख पौंड तीन निर्मातागटांना देण्याचे जाहीर झाले. जुलैच्या अर्थसंकल्पात दीड कोटी पौंडांपर्यंतच्या चित्रपटांना करसवलत मिळाली. हेतू उत्तमच होता. पण हा सारा पैसा चित्रपट काढण्यासाठी होता. काढलेला चित्रपट जगभर विकण्याची यंत्रणा हॉलिवूडच्या हाती होती, ती तशीच राहिली. त्या वर्षी ‘बीन’वर भरघोस कमावणारी पॉलिग्राम ही युरोपीय कंपनी तशी यंत्रणा उभारू पाहत होती. १९९८ मध्ये ती कॅनडाच्या सीग्रामला विकली गेली आणि तिचा चित्रपटविभाग युनिव्हर्सलच्या पोटात गेला. लॉटरीचा पैसा मिळालेल्या तिघांपैकी डीएनए या संस्थेने २००३ मध्ये भागीदारी केली, तीही त्याच फॉक्स सर्चलाइटशी!

कोणी म्हणेल, चित्रपट चांगले निघाले ना, मग पैसा कोणाचा याची उठाठेव कशाला? उठाठेव एवढ्यासाठी की एका चित्रपटाचा नफा हे पुढच्या दहा चित्रपटांचे भांडवल असते. ते घरात राहिले तरच धडपड्या नवख्याला कोणी तारणाशिवाय पैसे देऊ शकतो. कथा परक्याला जरूर विकावी. पण पुढची कथा सांगता येईल एवढा हक्क कराराच्या कागदावर स्वतःच्या नावे राखून ठेवावा. नाहीतर दर वेळी टाळ्या आपल्या आणि पावती दुसऱ्याची, हेच चालू राहायचे.