ताळा जुळेपर्यंत

शनिशिंगणापुरातील घरांना दारे नसतात. युको बँकेनेही २०११ मध्ये तेथे कुलपाविना शाखा उघडली. आयुष्यभर किल्ल्या सांभाळलेल्या मला याचे कौतुक वाटते. देहाच्या बाबतीत मात्र असा निर्धास्तपणा परवडत नाही.

मार्चअखेरच्या हिशेबात खुर्ची न सोडणारा माझा एक सहकारी छातीत कळ येताच 'गॅस झाला' म्हणून ओवा चघळत राहिला. दुसऱ्या दिवशी तो गेला. पायाच्या शिरेतील गुठळी सुटून फुफ्फुसाच्या धमनीत अडकली होती.

एकाएकी दम लागणे, श्वास घेताना छातीत दुखणे, घेरी, एका पायास सूज, क्वचित थुंकीतून रक्त, ही याची लक्षणे. तासन्‌तास गादीवर बसणारे, लांबचे प्रवासी आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांनी ती अंगावर काढू नयेत.

निदान हिशेबासारखेच टप्प्याटप्प्याने होते. डॉक्टर प्रथम शक्यता अजमावतात. ती कमी असून डी-डायमर ही रक्ततपासणी सामान्य आली, तर गुठळीची शंका बहुतांशी फिटते. वाढलेला आकडा मात्र पुरावा नव्हे. जंतुसंसर्ग, गर्भारपण, वाढते वय यांनीही तो वाढतो. शक्यता अधिक असल्यास शिरेतून औषध देऊन फुफ्फुसाच्या धमन्यांचा सीटी स्कॅन करतात. मूत्रपिंड कमजोर असल्यास व्ही-क्यू स्कॅन वा पायांची डॉप्लर सोनोग्राफी उपयोगी पडते. केवळ ईसीजी वा एक्स-रे निर्दोष आला म्हणून खाते बंद करू नये.

दुकानात गिऱ्हाईक असले तरी १०८ क्रमांक फिरवावा. गल्ला नंतरही मोजता येतो.